भेटले का तुझे तारे?

मित्रांनो, जिन्याखालच्या अडगळीत मोडक्या खुर्च्यांच्या मागे एक काळी पेटी दिसतेय ना? तो मीच, एक जुना संगणक. माझ्या डाव्या कुशीला एक पोचा आहे. तो कसा पडला, तेवढं सांगतो.

मला ताईने घडवलं. चार दिवस फरशीवर फतकल मारून तिने माझा एकेक भाग जोडला. ताई ताऱ्यांचा अभ्यास करायची. आकाशात काही ठिकाणी हजारो तारे दाटीवाटीने राहतात. तिथे कधीतरी दोन तारे आदळून एक होतात. तेव्हा त्यांच्या पोटातलं नाममात्र चुंबकत्व किती वाढतं, हे तिला पाहायचं होतं. खरी टक्कर बघायला माणसाचा जन्म पुरत नाही, म्हणून ती आकड्यांत घडवायचं काम माझ्याकडे आलं. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

माझा पंखा मात्र खोडकर. मधूनच अडकायचा. ताईने कुशीत एक चापट मारली की स्वारी पुन्हा सुरू. म्हणून ती मला सोडून कुठे जात नसे.

तिचे बाबा घड्याळजी. दूर गावी अंथरुणाला खिळले होते. रोज दुपारी त्यांचा फोन यायचा.

"काय गं, भेटले का तुझे तारे?"

"दोन दिवसांत भेटतील, बाबा. मग लगेच निघते."

"दोन दिवस, दोन दिवस करत महिना झाला की! कुणाच्या घड्याळाने चालतात गं ते? घेऊन ये, दुरुस्त करून देतो."

ताई हसायची. पण उशीर माझ्यामुळे होत होता. तारे जितके जवळ येत, तितकी बारीक पावलं टाकत मला गणित करावं लागे. आधी दिवसभरात ताऱ्यांचं एक वर्ष पार करणारा मी, आता जेमतेम एक तास पुढे सरकत होतो.

एका सकाळी तिच्या दादाचा फोन आला. "अगं, बाबा फक्त तुझ्यासाठी थांबलेत. नीघ."

"आज होईल रे दादा, नक्की."

टक्कर दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. चुंबकत्व हजारपटीने वाढलं. ताईने टाळ्या वाजवल्या आणि बाबांना फोन लावला. तो दादाने उचलला. तो नुसता रडत होता.

ताईने माझ्या कुशीत मूठ हाणली. तेव्हा पंखा अडकलेला नव्हता.

त्या कामाचं पुढे खूप कौतुक झालं. आम्हा दोघांचा फोटो भिंतीवर लागला. ताई त्याच्याकडे कधी बघायची नाही. मग नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी इथे झाली.

मित्रांनो, दर तासाला मी सगळं जपून ठेवत होतो. महिनाभर बंद राहिलो असतो, तरी त्याच तासापासून पुन्हा चालू झालो असतो. ताईला हे ठाऊक होतं, तिनेच मला शिकवलं होतं. पण ताऱ्यांची भेट इतकी जवळ आल्यावर तिचा पाय निघाला नाही.

माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण घरी कुणी वाट बघत असेल, तर आमच्यासारख्यांपाशी बसून राहू नका. बंद करायचं बटण समोरच असतं, अंगठ्याएवढं. ते दाबा आणि निघा.