पय्यन्नूरचा दोन मतांचा फळा

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, चंद्रिका टॉकीजसमोर अंबूएट्टनचं, म्हणजे अंबूदादांचं, चहाचं दुकान आहे ना, तिथला. माझ्यासमोर कुणी पेंगत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जन्मानं मी फणसाच्या लाकडाचा. सुतारानं रंधा मारला, काळा रंग दिला आणि मला केरळातल्या पय्यन्नूरच्या शाळेत टांगलं. बावीस वर्षं माझ्यावर नद्या, डोंगर आणि राजधान्या लिहिल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक यशोदा टीचरच्या हातच्या; त्या भूगोल शिकवायच्या. पुढे शाळेत हिरवे गुळगुळीत फळे आले आणि माझी रवानगी जिन्याखाली, मोडक्या बाकांशेजारी झाली. एका कोपऱ्यातून वाळवीनं सुरुवातही केली होती, तेवढ्यात अंबूएट्टन मला हातगाडीवर घालून घेऊन गेले. त्यांना खाण्याची यादी लिहायला काहीतरी हवं होतं. कुठे हिमालय आणि कुठे ‘पळमपोरी गरम आहे’! पण केळ्याच्या भज्यांचा तो वास नाकात गेला आणि मी लगेच रुळलो.

एका दुपारी टॉकीजमधून यशोदा टीचर बाहेर पडल्या त्या तणतणतच. तेव्हा त्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं.

“अंबू, कोरा चहा. साखर जास्त घाल, तोंड कडू झालंय.”

“सिनेमा कसा होता टीचर?”

“खडू दे इकडे.”

आणि पळमपोरीच्या खाली त्यांनी लिहिलं, ‘नायकानं एकट्यानं एकोणीस माणसं मारली. कथेला कुणी मारलं, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.’

शेजारी पोक्करचं शिवणाचं दुकान. तोच सिनेमा त्यानं दोनदा पाहिला होता. तो माझ्यासमोर आला, तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या आणि म्हणाला, “टीचर, कथा बघायला माणूस सिनेमाला कशाला जाईल? कथा घरी काय कमी आहेत?”

“मग लिहा की तुमचं.”

पोक्करनं लिहिलं, ‘एकोणिसावा पडला तेव्हा छपरावरची सगळी कबुतरं उडाली. तेवढ्यासाठी मी पुन्हा गेलो.’

दुकानातली माणसं खो खो हसली. दुसऱ्या दिवशी अंबूएट्टननी यादी पुसून टाकली, माझ्या मधोमध पांढरी रेघ मारली आणि जाहीर केलं, “डावी बाजू टीचरची, उजवी पोक्करची. दर शुक्रवारी. पाच ओळी, सहावी नाही.”

झालं! माझं नशीबच उघडलं. टॉकीजमधला मारामारीचा सिनेमा असो, रडका असो, नाचगाण्याचा असो, दोघं सगळे पाहायचे. रविवारी वाचनालयात परदेशी सिनेमे दाखवत, तेही सोडायचे नाहीत. एकदा कुठल्याशा बर्फाळ देशातला सिनेमा आला. त्यात दोन तासांत एकच दार उघडायचं. टीचरनी लिहिलं, ‘दार उघडलं तेव्हा मला रडू फुटलं.’ पोक्करनं लिहिलं, ‘दार उघडलं तेव्हा मला जाग आली.’ भुताच्या सिनेमाला टीचर म्हणाल्या, ‘भूत तेवढं खरं वाटलं, माणसं खोटी.’ पोक्करची ओळ होती, ‘दुपारचा खेळ होता. तरी बायकोला न्यायला बोलावलं.’

लोक चहाचा ग्लास घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे. एक गंमत माझ्या लक्षात आली. ज्याचं मत पटणार नाही, त्याचीच बाजू माणसं आधी वाचतात, आणि दोनदा वाचतात.

मग प्रसीताचा सिनेमा आला.

प्रसीता ही यशोदा टीचरची जुनी विद्यार्थिनी. तिनं पहिलाच सिनेमा काढला, तोही आमच्या गावात. सगळं गाव त्यात उतरलं. कुणी नावाडी झालं, कुणी पोस्टमन. पोक्करनं सगळ्यांचे कपडे शिवले आणि स्वतः शिंप्याचं काम केलं. चार महिने तो मिशीला तूप लावत होता.

सिनेमा लागला त्या शुक्रवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खडू देताना अंबूएट्टन हळूच म्हणाले, “टीचर, आपलीच पोरगी आहे बरं का.”

“म्हणून तर,” टीचर म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. त्या दिवशी त्यांनी खडू नेहमीपेक्षा जास्त दाबला. मला कळत होतं ते. खडू माझ्याच अंगावर होता.

‘पहिला तास रेंगाळतो. गाणं उपरं वाटतं. शिंपी झालेला नट कात्री तलवारीसारखी धरतो, शिंपी वाटतच नाही. पण शेवटी म्हातारी घाटावर होडीची वाट पाहते, ती अकरा मिनिटं! अशी अकरा मिनिटं मी आजवर पाहिली नव्हती.’

प्रसीता पुढे आली. “अकराच मिनिटं, टीचर?”

“अगं, पुष्कळांना जन्मभरात एकसुद्धा मिळत नाही.”

प्रसीताचे डोळे भरून आले. मग ती हसली आणि पिशवीतून वही काढून पाचही ओळी उतरवून घेतल्या.

पोक्कर मात्र भडकला. “तीस वर्षं कात्री चालवतोय मी! आणि मी शिंपी वाटत नाही?” खडू टेबलावर आपटून तो निघून गेला.

त्यानंतर तीन शुक्रवार माझी उजवी बाजू कोरी राहिली. टीचर यायच्या, आपलं लिहायच्या, पण वाक्यं आखूड झाली होती. त्यांच्याशी भांडायलाच कुणी उरलं नव्हतं. लोक डावी बाजू वाचायचे, उगाच उजवीकडे बघायचे आणि चहा संपवून निघून जायचे. शेजारून शिलाई मशीनचा आवाज गरजेपेक्षा मोठा यायचा. बावीस वर्षं भूगोल सोसलेला मी, पण ते तीन आठवडे मला जड गेले.

चौथ्या शुक्रवारी पोक्कर एकटाच प्रसीताच्या सिनेमाच्या दुपारच्या खेळाला पुन्हा गेला. बाहेर आला तो थेट आपल्या दुकानात, आणि कात्री घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. आधी रोजच्यासारखी धरून पाहिली. मग सिनेमातल्यासारखी.

“काय चाललंय रे पोक्कर?” अंबूएट्टननी विचारलं.

“थांबा जरा, विचार करतोय.”

मग त्यानं खडू उचलला. ‘टीचरचं खरं आहे. तो माणूस शिंपी नाही. हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. मिशी मात्र झकास होती.’

चारच्या सुमारास टीचर आल्या. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “मिशी झकास होती, हे खरंच,” त्या म्हणाल्या. “अंबू, दोन पळमपोरी. एक शेजारी पाठव.”

पाठवायची वेळच आली नाही. पोक्कर दारातच उभा होता.

“पण टीचर, गाणं उपरं कसं? गाणं चांगलं होतं!”

“चांगलं होतं, म्हणून कुठेही घालायचं?”

आणि जुंपली! माझ्या अंगावरचा खडूसुद्धा हसला असेल.

याला अकरा वर्षं झाली. प्रसीताचे आणखी तीन सिनेमे आले. दर वेळी पहिल्या शुक्रवारी ती इथे येऊन उभी राहते, ग्लास हातात घेऊन, परीक्षेच्या निकालाला यावं तशी. टॉकीजचे आता दोन छोटे पडदे झालेत. लोक खुर्चीत बसल्या बसल्या फोनवर सिनेमाला पाचपैकी तारे देतात, आणि बाहेर येऊन माझा फोटो काढतात.

टीचरची नजर अधू झालीय. पुढच्या रांगेतून पडदा दिसतो, खडूची अक्षरं दिसत नाहीत. म्हणून आता त्या सांगतात आणि दोन्ही बाजू पोक्कर लिहितो. गेल्या शुक्रवारचा सिनेमा पोक्करला इतका आवडला होता, की त्यानं तो तीनदा पाहिला.

“लिहा,” टीचर म्हणाल्या. “कंटाळवाणा.”

खडू थांबला. “टीचर, ‘संथ’ लिहू का?”

“संथ नदी असते. हा कंटाळवाणा आहे.”

टीचरना दिसत नव्हतं. अंबूएट्टन कढईपाशी होते. पोक्करनं काहीही लिहिलं असतं, तरी त्या घडीला कुणाला कळलं नसतं. पोक्कर पुटपुटला, मान हलवली आणि ‘कंटाळवाणा’ लिहिलं. सुवाच्य, ठळक, स्वतःचं मत कधी लिहिलं नव्हतं एवढ्या मोठ्या अक्षरात. मग पाऊलभर उजवीकडे सरकला आणि तावातावानं स्वतःच्या पाच ओळी लिहू लागला.

मला आणखी काय हवं? वर्षातून एकदा काळा रंग द्या, ओल्या फडक्यानं फार जोरात घासू नका. आणि तुम्ही इकडे आलात, तर आधी सिनेमा शेवटपर्यंत पाहून या. मग बेलाशक भांडा.