एकाच्या जागी

"मावशी, हळू! उठेल ना तो!"

मास्तरीणबाईंनी मांडीवरच्या बाळाच्या कानावर हात ठेवला आणि मी कीबोर्डवरून हात उचलले. पण व्हायचं ते झालंच. बाळाने आधी एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"अगं, हळूच तर मारतेय," मी म्हणाले.

"मारताय ना, तेच चुकतंय. मारायचं नसतं, नुसतं बोट टेकवायचं."

मास्तरीण हे नाव मीच ठेवलेलं. वयाने माझ्या निम्मी. आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहायची. संगणकाच्या कंपनीतली नोकरी बाळासाठी सोडून घरी बसली होती आणि मला एकटीला पायथन ही संगणकाची भाषा शिकवायला कबूल झाली होती. मी शिकले ती लोखंडी टाइपरायटरवर. तिथे बोट नुसतं टेकवलं तर कागदावर काही उमटत नाही. टाइपिंगच्या वर्गात सर पट्टी घेऊन मागे उभे राहायचे आणि कीबोर्डकडे नजर गेली की खांद्यावर एक पडायची. त्या पट्टीच्या कृपेने माझी बोटं अशी चालायला लागली, की ऑफिसात मला सगळे 'मशीनगन' म्हणत. टाइपरायटर गेले, संगणक आले, तरी माझं काम बदललं नाही. साहेब सांगतील ते पत्र मी टाइप करायची, छापून सहीला ठेवायची. अशीच सगळी नोकरी झाली.

मग एक दिवस फर्मान निघालं. टाइपिंग विभाग बंद. जे पायथनची परीक्षा पास होतील त्यांना इथेच वरच्या मजल्यावर नव्या विभागात घेणार, बाकीच्यांची बदली दूरच्या शाखेत. राहायला तिथे कंपनीचं घर मिळणार होतं, म्हणून बाकीच्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

कारण आई. आईची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. डोळे गेले तशी तिने घराशी नव्याने ओळख करून घेतली. पलंगावरून उठली की डाव्या हाताला कपाटाचा कोपरा, कोपऱ्यावरून वळलं की टेबल, टेबलाच्या कडेला सुरीने पडलेली एक खाच, खाच लागली की समोर न्हाणीघराचं दार. चहा स्वतः करायची. कपबशी विसळून पालथी घालायची. कुणी मदतीला पुढे झालं की ओरडायची, "हात धरलास तर बघ! आंधळी झालेय, पांगळी नाही." परक्या माणसाला वाटायचं, हिला दिसतं आणि ही सोंग करते. हे घर सुटलं तर आई पुन्हा आंधळी होणार होती, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं. नोकरी सोडून भागणार नव्हतं. भाऊ आहे, पण तो परदेशातून फोनवर उपदेश करण्यापुरता.

"पायथन म्हणजे काय गं?" आईने विचारलं होतं.

"अजगर."

"या वयात अजगर कशाला पाळतेस? मांजर आण एखादी."

तर या अजगराने मला चांगलाच विळखा घातला. मास्तरीण जीव तोडून शिकवायची. संगणकाला एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करायला कशी सांगायची, कुठे थांबायला सांगायचं, ओळ आत सरकवून का लिहायची. ते मला कळत होतं. खरंच कळत होतं. तोंडी विचारलं की मी धडाधड सांगायची. पण लिहायला बसले की घोडं अडलंच.

"दहा वेळा नमस्कार लिही, असं सांगा त्याला," मास्तरीण म्हणायची. मी टाइप करायची. लगेच लाल अक्षरात उत्तर यायचं, की दहा नावाचं काही मला ठाऊक नाही.

"दहा ठाऊक नाही?" मास्तरीण पडद्याच्या जवळ जाऊन बघायची. "अहो, बरोबर तर लिहिलंय."

मग ती ती ओळ पुसून तीच ओळ स्वतः लिहायची. चालायची. मी पुसून पुन्हा लिहायची. अडायची. दोघींनी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, काही फरक नाही. तिने कपाळाला हात लावला. मला तर वाटायला लागलं, की या यंत्राला माझा हात लागलेलाच आवडत नाही. जिना उतरताना रडू यायचं आणि घरात शिरण्याआधी मी ते पुसायची. डोळे नसले तरी आईला आवाजावरून कळतं.

एकदा बाळ काही केल्या खाली राहीना. मास्तरीण त्याला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारत होती, त्यामुळे तिला पडदा दिसत नव्हता, माझे हात दिसत होते. ती मध्येच थांबली.

"मावशी, तुम्ही एक कुठून मारलात?"

"एकाच्या जागेवरून."

"परत मारा."

मी मारला. उजव्या हाताची करंगळीजवळची अनामिका, मधल्या रांगेत.

"तो एल आहे, मावशी. छोटा एल."

"मग? एक तोच ना!"

मग मी तिला सांगितलं. आमच्या टाइपरायटरला एकाचं बटणच नव्हतं. दोनापासून सुरुवात. एक हवा असला की छोटा एल मारायचा, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, असं सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी जन्मभर एकाच्या जागी एल मारत आले. तारखा, जावक क्रमांक, लोकांच्या जन्माची सालं, सगळीकडे एल. कुणाला कधी कळलं नाही. मलासुद्धा मी एल मारते असं वाटत नव्हतं, मी एकच मारत होते.

मास्तरीण हसत सुटली. मीही हसले. बाळही हसलं. इतक्या दिवसांचं भूत सापडलं म्हणून तिने चहा टाकला.

पण भूत सापडलं तरी ते उतरेना. माहीत असून बोट तिथेच जायचं. मास्तरणीने पडद्यावरच्या अक्षरांचं वळण बदलून दिलं, त्यात एक आणि एल वेगळे दिसत. चूक दिसायची, पण झाल्यावर. मग तिने जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा कापून एलच्या बटणावर चिकटवला. बोटाला खरखर लागली की थांबायचं, विचार करायचा, अक्षर हवंय की आकडा. त्याने जमायला लागलं. पण मशीनगनची बैलगाडी झाली. दर अक्षराला अडत, चाचपडत मी लिहायची. "जमतंय की!" मास्तरीण म्हणायची. मी मान हलवायची. स्वतःच्याच हातांवर पहारा ठेवून मी दमून जात होते.

परीक्षेच्या खोलीत ओळीने संगणक मांडले होते. मी जागेवर बसले, पर्समधून चिकटपट्टी काढली.

"हे काय, बाई?" पर्यवेक्षक पुढे आले. माणूस वाईट नव्हता.

"बटणाला एवढासा तुकडा लावते. मला एल कळत नाही."

"एल कळत नाही?" त्यांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "यंत्राला काही चिकटवता येणार नाही हो. नियम आहे. नीट बघून टाइप करा म्हणजे झालं."

त्यांना काय सांगणार? बघून टाइप केल्याबद्दल मी खांद्यावर पट्ट्या खाल्ल्या होत्या.

पहिला प्रश्न मला झोपेत विचारला असता तरी आला असता. एक ते शंभर आकड्यांची बेरीज करा. मास्तरणीने तो कितीदा करून घेतला होता! मी सावकाश सुरुवात केली. शेजारचा दुसऱ्या प्रश्नावर गेल्याचं कानांना कळलं आणि बोटांना घाई सुटली. एकदा सुटली ती सुटलीच. सगळी खोली खडखडली. दोघाचौघांनी वळून पाहिलं. मी चालवून पाहिलं आणि लाल अक्षरं आली, एक नावाचं काही मला ठाऊक नाही.

इथल्या पडद्यावर अक्षरांचं वळण जुनंच होतं. एक आणि एल जुळे भाऊ. कुठला एक आणि कुठला एल ते मला दिसेना. मी सगळे एक पुसले आणि वरच्या रांगेतून दाबून दाबून नवे लिहिले. मग भीती वाटली म्हणून बेरजेची ओळही पुसून पुन्हा लिहिली. बेरजेला मी टोटल असं नाव दिलं होतं; आता यंत्र म्हणायला लागलं, टोटल नावाचं काही ठाऊक नाही. टोटलच्या शेवटी एल असतो, आणि तिथे मी एक मारला होता. तो पुसायला गेले तर वरच्या ओळीत पुन्हा एल गेला. मला उत्तर येत होतं. काय चुकलंय तेही ठाऊक होतं. कुणाला विचारायचं काही शिल्लक नव्हतं, आणि तरी माझे हात माझं ऐकत नव्हते. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा मी पहिल्याच प्रश्नावर होते.

मास्तरणीला सांगितलं तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त रडली. "मी अजून सराव घ्यायला हवा होता," म्हणाली. मी तिच्या बाळाला घेऊन फेऱ्या मारत राहिले. तिची काय चूक होती? माझी तरी काय होती?

बदलीचे हुकूम टाइप करायचं काम माझ्याकडेच आलं. विभागाचं शेवटचं काम ते. साहेब म्हणाले, "तुमच्यासारखा हात पुन्हा मिळायचा नाही." माझा हुकूमही मीच टाइप केला, एकही खाडाखोड न करता. तारखेतले सगळे एक एल होते. साहेबांनी वाचून सही केली.

नव्या घरात भिंती गुळगुळीत होत्या आणि सगळं उलट होतं. न्हाणीघर उजवीकडे. मी मास्तरणीने दिलेली चिकटपट्टी काढली आणि पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत भिंतीवर आईच्या हाताच्या उंचीला तुकडे लावले. तिचा हात धरून, म्हणजे ती परवानगी देईल तेवढाच, प्रत्येक तुकड्यावरून फिरवला.

"कळलं, कळलं," ती म्हणाली. "खरखर लागली की पुढे. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते. आई उठल्याची चाहूल लागली म्हणून मी खोलीच्या दाराशी आले. ती पलंगावरून उठली, पदर नीट केला आणि नेहमीच्या ऐटीत चालायला लागली. डावीकडे. कपाटाच्या कोपऱ्यावरून वळावं तशी ती वळली आणि टेबलाच्या खाचेसाठी तिने बोटं पुढे केली. तिथे कोरी भिंत होती. तिची बोटं भिंतीवरून वर गेली, खाली आली, पुन्हा त्याच जागी गेली. चिकटपट्टीचे तुकडे तिच्या पाठीमागे, उजवीकडच्या भिंतीवर होते. मी ओरडून सांगू शकत होते. पण ती विसरली नव्हती, हे मला माहीत होतं.

बऱ्याच वेळाने ती थांबली.

"अगं, आहेस का?" ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "धर जरा."

हात तिने भलत्याच बाजूला धरला होता. आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघर होतं त्या बाजूला. मी पाय न वाजवता पलंगाला वळसा घालून त्या बाजूला गेले, आणि तिथून तो धरला.