सत्तावीस नंबरची अकरा माणसं

जनगणनेच्या कचेरीतून आलेल्या बाईंनी नर्सबाईंच्या हातात एक कापडी पिशवी दिली. आत पत्रकं होती, दारावर चिकटवायचे कागद होते आणि गळ्यात अडकवायचं एक ओळखपत्र होतं.

"मोजायचं काम आमचं," कचेरीच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त लोकांना दार उघडायला लावा. इथं सगळे तुमचं ऐकतात म्हणे."

"ऐकतात," नर्सबाई म्हणाल्या. "तोच तर घोळ आहे."

कचेरीच्या बाईंना वाटलं, म्हातारी गमतीत बोलतेय. त्या हसल्या आणि निघून गेल्या.

सूतगिरणीच्या मागे कामगारांची वसाहत होती. एकशेचाळीस खोल्या, चार रांगा, प्रत्येक रांगेच्या टोकाला एक नळ. गिरणी आता निम्मीच चालायची, पण खोल्या भरलेल्या होत्या. एका खोलीत पाचच माणसं राहतील, असा गिरणीचा नियम होता. नियम कागदावर होता आणि माणसं खोल्यांत. कुणाची बहीण परत आलेली, कुणाचे सासूसासरे थकलेले, कुणाच्या भावाचं घर गेलेलं. रक्ताच्या माणसाला नियम दाखवून दारातून परत कोण पाठवणार? वसाहतीचा मुकादमही दिसून न दिसल्यासारखं करायचा.

नर्सबाई वसाहतीच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं होत्या. निम्मी वसाहत त्यांच्या हातावर जन्मलेली. दहा वर्षांपूर्वी मागची जनगणना आली तेव्हा लोक पेचात पडले. खरं सांगावं तर खोली जाईल, खोटं सांगावं तर सरकारचा कागद. बायका दवाखान्यात येऊन हळूच विचारायच्या, "बाई, काय सांगू?" आणि नर्सबाई जखमेवर पट्टी बांधता बांधता सांगायच्या, "पाच सांग. बाकीच्यांना तेवढा वेळ बाहेर पाठव. कोण बघायला येतंय?"

त्यांच्या स्वतःच्या खोलीत तेव्हा त्या, त्यांचे यजमान, दोन मुलगे आणि सासरे असे पाचजण होते. शिवाय धाकटी बहीण आणि तिची आठ वर्षांची पोर. मोजायला माणूस आला त्या दुपारी नर्सबाईंनी त्या दोघींना दवाखान्यात बसवून ठेवलं आणि पाच लिहून दिले.

वसाहतीची लोकसंख्या सहाशे ब्याऐंशी भरली. खरी दीड हजाराच्या वर होती. तीन वर्षांनी वरून पत्र आलं: हजाराच्या आत वस्ती असेल तर वेगळा दवाखाना ठेवता येत नाही, जवळच्या रुग्णालयात विलीन करावा. जवळचं रुग्णालय पुलापलीकडे होतं, पाऊण तासावर. दवाखान्याला कुलूप लागलं आणि पुढच्याच थंडीत धाकटीला दमा चढला. एरवी ती चार दारं ओलांडून यायची, वाफ घ्यायची आणि अर्ध्या तासात हसत परत जायची. त्या दिवशी ती पुलावर, टेंपोत, बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

पुढे यजमान गेले, सासरे गेले, मुलगे कामासाठी लांब गेले. खोलीत नर्सबाई आणि भाची राहिल्या. भाची आता अठराची होती आणि शिवणाच्या कारखान्यात कॉलर लावायची. आई कशानं गेली हे तिला माहीत होतं. दवाखाना कशानं गेला हे तिला माहीत नव्हतं.

नर्सबाई ओळखपत्र गळ्यात घालून दारोदार फिरू लागल्या.

"नावं कुणाला दाखवत नाहीत," त्या सांगायच्या. "गिरणीला नाही, मुकादमाला नाही. कायदाच आहे तसा. फक्त आकडा वर जातो. आकडा बरोबर गेला तर दवाखाना मागता येईल."

पहिल्या रांगेतला न्हावी तोंडावर हसला. "बाई, मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात पाच सांग. आता म्हणताय खरं सांग. उद्या काय सांगाल?"

दुसऱ्या रांगेत एका बाईनं दार अर्धंच उघडलं. आतून दोन-तीन पोरांचा दबलेला आवाज येत होता. "आम्ही चौघंच," ती म्हणाली. नर्सबाईंनी आतल्या दोन पोरांची नाळ स्वतः कापली होती. त्या पत्रक उंबऱ्यावर ठेवून पुढे गेल्या.

आठवडा असाच गेला. कुणी चहा दिला, कुणी पाणी, शब्द कुणीच दिला नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, एकेका दाराशी डोकं आपटण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच बोलवायचं. गिरणीचं जुनं उपाहारगृह रिकामं पडलं होतं. त्याची किल्ली मुकादमाकडे होती. त्यानं ती लगेच दिली. फक्त म्हणाला, "मला थांबावं लागेल बाई. कुलूप मलाच लावायचंय."

रविवारी दुपारी दोनशेच्या वर माणसं जमली. मुकादम दाराशी खुर्ची टाकून बसला. नर्सबाईंनी त्याला पाहिलं. पण त्याची दोन्ही पोरं त्यांच्याच हातची. परका म्हणून त्याचा विचारच त्यांच्या मनात आला नाही.

त्यांनी पत्रकातलं वाचायला सुरुवात केली. लोक चुळबुळ करू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "वाचून काय दाखवता, आम्हाला येतं वाचायला!" हशा पिकला. नर्सबाईंनी पत्रक बाजूला ठेवलं.

"दवाखाना मी बंद केला," त्या म्हणाल्या.

हसणं थांबलं.

"तुम्हाला पाच सांगा म्हणून मी सांगितलं. माझ्या घरात सात होती, मी पाच लिहून दिली. माझी सख्खी बहीण मी लिहिली नाही. तिची पोर लिहिली नाही. त्या आकड्यावर दवाखाना गेला आणि दवाखाना नव्हता म्हणून बहीण गेली. मी कुणाला दोष देत नाही. तो आकडा माझा आहे."

भाची भिंतीला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली नाही की वर केली नाही. नुसती मावशीकडे बघत राहिली, समोर कुणी अनोळखी बाई बोलत असावी तशी.

मग सत्तावीस नंबरचा इस्त्रीवाला उठला. पन्नाशीचा, वाकलेला, उजव्या मनगटावर भाजल्याचे जुने डाग. सभेत बोलायची त्याला सवय नव्हती.

"बाई एवढं बोलल्या तर आपण काय तोंड लपवायचं," तो म्हणाला. "माझ्या खोलीत अकरा आहेत. मी, बायको, आई. आईला दिसत नाही. माझी तीन पोरं. बहीण आणि तिची तीन. आणि मेहुणा, ज्याचा हात याच गिरणीत गेला. झाली अकरा. झोपताना एकानं कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागते." लोक हसले, तोही हसला. "लिहा म्हणावं अकरा. माणसं आहेत, चोरीचा माल नाही."

टाळ्या पडल्या. न्हाव्यानंही वाजवल्या. नर्सबाईंचे डोळे भरून आले. गेल्या सात वर्षांत त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर भाचीनं एकच विचारलं. "त्या दुपारी मला आणि आईला दवाखान्यात का बसवलं होतं, ते आईला माहीत होतं?"

"हो," नर्सबाई म्हणाल्या. "तिनंच तुला पाटी-पेन्सिल देऊन गप्प बसवलं होतं."

भाची जेवली, भांडी घासली, झोपली.

मंगळवारी मोजणी सुरू झाली. कचेरीच्या बाई आणि नर्सबाई मिळून दारं वाजवू लागल्या. पहिल्या रांगेत सात, नऊ, आठ. लोक नावं सांगत होते, वयं आठवत नव्हती म्हणून एकमेकांना विचारत होते, आणि एका म्हातारीनं आपलं वय वीस वर्षांनी कमी सांगितलं तेव्हा सूनच खो खो हसली. दोन दिवसांत पन्नास खोल्या झाल्या. त्यात सत्तावीस नंबरही आला. इस्त्रीवाल्याच्या आंधळ्या आईनं आपलं नाव दोनदा सांगितलं आणि विचारलं, "लिहिलं ना गं? नीट लिहिलंस ना?"

गुरुवारी सकाळी सत्तावीस नंबरच्या दारावर नोटीस लागली. खोलीत परवानगीपेक्षा सहा माणसं जास्त. तीन दिवसांत खोली रिकामी करावी.

नर्सबाई धावतच मुकादमाच्या खोलीवर गेल्या. "कागद कुणाला दाखवत नाहीत असं मी लोकांना शपथेवर सांगितलंय. तुला कसं कळलं?"

"कागद मी बघितलेला नाही बाई," मुकादम म्हणाला. त्याची नजर वर होत नव्हती. "गिरणीला चारही रांगा विकायच्यात. कुठल्या खोलीत जास्त माणसं आहेत, असं वरून विचारलं. दोनशे माणसांसमोर तो बोलला. मी दारातच बसलेलो. ऐकलं नाही म्हणून कसं सांगू? माझीही खोली त्यांचीच आहे."

नर्सबाई दारातच खाली बसल्या. कायद्यानं आपला शब्द पाळला होता. कचेरीच्या पेटीतून एक नाव बाहेर गेलं नव्हतं. बाहेर गेलं ते त्यांच्या सभेतून, त्यांनीच बोलावलेल्या माणसांसमोर, त्यांच्याच भाषणानं भारावलेल्या एका भल्या माणसाच्या तोंडून.

त्यांनी वसाहतभर हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. जनगणनेमुळे नाही, सभेमुळे झालं. कागद सुरक्षित आहे. पण घर गेलेल्या माणसाला कशामुळे गेलं याची विभागणी कोण ऐकून घेणार? न्हावी म्हणाला, "बाई, तुम्ही खोटं सांगितलंत तर दवाखाना गेला. खरं सांगायला लावलंत तर घर गेलं. आता कृपा करून काही सांगू नका." तो रागानं बोलला नाही. थकून बोलला, आणि तेच नर्सबाईंना जास्त लागलं.

शुक्रवारी तिसऱ्या रांगेतलं एकही दार उघडलं नाही. खिडक्यांत कपडे वाळत होते, आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि कडी वाजवली की सगळं चिडीचूप. इतर रांगांत ज्यांनी उघडलं त्यांनी पाच सांगितलं. कुणी तीन. कचेरीच्या बाईंनी आणखी दोन फेऱ्या मारल्या आणि मग यादीवर खुणा केल्या.

"माझ्या हातात एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "बंद दाराला मी माणसं कशी जोडू?"

नर्सबाई गिरणीच्या कचेरीत गेल्या. तिथून त्यांना दुसऱ्या कचेरीत पाठवलं, तिथून परत गिरणीत. त्यांनी जनगणनेच्या मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं, सभ्य उत्तर आलं: खोल्यांचा ताबा हा विषय या विभागाच्या अखत्यारीत येत नाही, आपल्या सहकार्याबद्दल आभार.

ते उत्तर आलं तोवर सत्तावीस नंबर रिकामा झाला होता.

जायच्या दिवशी इस्त्रीवाल्यानं सामान हातगाडीवर रचलं. इस्त्रीचं टेबल उलटं, त्यावर गाद्या, गाद्यांवर आई. बहीण तिच्या तीन पोरांना घेऊन वेगळ्या वाटेनं निघाली होती, कारण अकराजणांना मिळून कुणी जागा देत नव्हतं. मेहुणा एका हातानं गाडी मागून धरून उभा होता. रांगेतली माणसं दारांत उभी होती, पण पुढे कुणी येत नव्हतं.

नर्सबाई पुढे गेल्या. त्यांना खूप काही बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "भाऊ, माझ्यामुळे झालं."

इस्त्रीवाल्यानं दोरीची गाठ आवळली. "तुम्ही कुठं बोललात बाई, मीच बोललो," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "एक विचारू? आम्ही तर निघालो. तिकडं गेल्यावर परत मोजतील का? का इथंच धरतील?"

"एकदाच मोजतात. मोजलं त्या दिवशी तुम्ही इथं होतात. इथंच धरतील."

"म्हणजे पुढची दहा वर्षं आम्ही अकराजण इथंच आहोत," तो म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण जमलं नाही. त्यानं गाडी ढकलली.

वसाहतीचा आकडा सातशे शहाण्णव भरला. मागच्यापेक्षा एकशे चौदानं जास्त. हजार काही झाले नाहीत. कचेरीच्या बाईंनी तो कळवायला मुद्दाम फोन केला आणि वाढ चांगली आहे म्हणाल्या.

त्यानंतर नर्सबाई नळावर गेल्या की बायका बाजूला होऊन त्यांना आधी भरू द्यायच्या. भांडण नाही, टोमणा नाही. आधी त्या रांगेत उभ्या राहून कुणाला दिवस गेलेत, कुणाचा गुडघा दुखतोय सगळं ऐकायच्या. आता त्या आल्या की नळावर फक्त पाण्याचाच आवाज यायचा. घागर भरेपर्यंत त्यांना ते सहन व्हायचं नाही. अर्धी भरली की त्या उचलून निघायच्या.

भाचीनं शिवणाच्या कारखान्याजवळ दोन मैत्रिणींबरोबर खोली बघितली. जाताना तिनं मावशीच्या गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवल्या, धान्याचे डबे भरून ठेवले, गादीला नवी चादर घातली. सगळं माणुसकीनं केलं.

"रविवारी येशील ना?" नर्सबाईंनी विचारलं.

"बघते," भाची म्हणाली. तिनं चपला घातल्या, दार ओढून घेतलं, आणि नर्सबाईंना रांगेतून तिची पावलं लांब जाताना ऐकू आली. त्या खिडकीपाशी गेल्या नाहीत. पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून, पुढच्या पेशंटला आत बोलवायचं असावं तशा.