आक्कांच्या डाव्या डोळ्यासाठी

तरुण संघाची सेक्रेटरी झाले आणि मला वाटायला लागलं, आता आपल्याशिवाय चर्चचं पान हलत नाही! आमच्या संघात नववीतली मुलगी याआधी कधी सेक्रेटरी झाली नव्हती. गेल्या वर्षीपर्यंत माइक दिसला की मी मागच्या बाकावर पळायचे. आता दर रविवारी उपासनेत पुढं जाऊन मी खणखणीत आवाजात सूचना वाचते, "भेट समिती शेवटच्या रविवारी आजारी मंडळींच्या घरी जाईल. सर्वांनी संघाचे टी-शर्ट घालून यावे." टी-शर्टचा रंग मीच निवडलाय. आकाशी.

आजारी मंडळींत आक्का होत्या. आक्का एकट्या राहतात. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायच्या आणि गाणं संपलं तरी शेवटचा सूर सोडायच्या नाहीत, पेटीवाला थांबून बघत राहायचा. मोतीबिंदूमुळं रस्ता दिसेना, तेव्हा त्यांचं येणं बंद झालं. मग दर रविवारी त्यांचं नाव घेऊन प्रार्थना व्हायची, अख्खी मंडळी एका सुरात आमेन म्हणायची आणि घरी रश्श्याकडं पळायची. मीही. खरं तर आक्कांची गल्ली माझ्या ट्यूशनच्या वाटेवरच आहे. पण समिती जाणारच होती की!

त्या बुधवारी ट्यूशनहून येताना गल्लीच्या तोंडाशी एका रिक्षावाल्यानं मला हाक मारली. आक्कांचे शेजारी, ज्ञानूमामा.

"ए पोरी, तू आक्काच्या चर्चमधली न्हवं? जरा समजाव की तिला. उद्या सकाळी डोळ्याचं ऑपरेशन हाय, मी रिक्षातनं न्यायचं ठरलंय, आन् आता म्हणतीया जायाचं न्हाय."

"का?"

"प्रार्थना झाली न्हाय म्हणं. म्हटलं, मी अंबाबाईला सांगून येतो. तर म्हणती, तू सांग, पर माझ्याबी देवाचं माणूस याय पायजे. डॉक्टरीणबाईनं बजावलंय, आता लांबवलं तर नजर परत यील का न्हाय सांगता येत न्हाय."

मी तिथूनच राजवर्धनदादाला फोन लावला. तो समितीचा प्रमुख.

"अगं संयोगिता, आपला कार्यक्रम शेवटच्या रविवारी आहे," तो म्हणाला. "पाळकसाहेब लग्न लावायला आजऱ्याला गेलेत, चर्चचे पंच पण तिकडंच. आणि समितीचं डिजिटल बॅनर अजून छापून आलेलं नाही."

"दादा, डोळ्याला डिजिटल काय करायचंय?"

पूर्वीची मी 'बरं दादा' म्हणून गप्प बसले असते. फोन ठेवल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं. आणि मग लक्षात आलं, आता जायला मीच उरलेय.

आक्कांचं दार उघडंच होतं. टेबलावर ट्रेमध्ये कप उपडे मांडून ठेवलेले, सात-आठ तरी, शेजारी बिस्किटांची ताटली झाकलेली.

"सलाम, आक्का. मी संयोगिता. सूचना वाचते ती."

"सलाम, सलाम!" चर्चच्या रीतीनं म्हणत त्या उठल्या आणि माझ्या खांद्यावरनं दाराकडं बघायला लागल्या. "बाकीची कुठं हायत?"

"मी एकटीच आलेय."

"एकटीच? मग ही भेट कसली गं?"

"मी सेक्रेटरी आहे."

"असशील की. पर प्रार्थना येती का तुला?"

बरोबर दुखऱ्या जागी बोट! माइकवर मी कागद वाचते. कागदाशिवाय, दुसऱ्या कुणासाठी, मोठ्यानं मी आयुष्यात प्रार्थना केली नव्हती.

आक्का परत खुर्चीत बसल्या. "भ्या वाटतंय गं," त्या हळूच म्हणाल्या. "त्या टेबलावर एकटीनं पडायचं. कुणीतरी नाव घिऊन पाठवलं म्हंजे बरं असतंय."

मी खाली बसून त्यांचा हात धरला. गार पडला होता. डोळे मिटले.

"हे देवा, उद्या आक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे..."

"डावा," मिटल्या डोळ्यांनीच आक्का म्हणाल्या. "डावा सांग."

"डाव्या डोळ्याचं. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव..."

"अवंतिका मॅडम."

"अवंतिका मॅडमचा हात स्थिर ठेव. आक्कांना तिथं एकटं वाटू देऊ नकोस. मी रोज इथनं सायकल हाणत जाते, देवा, तू एकदा तरी इथं चेन पाडायचीस की."

आक्का खुदकन हसल्या. मला मात्र रडू यायला लागलं, आणि त्या भरात मी बोलून गेले, "उद्या मी त्यांच्यासोबत जाईन. आमेन."

उद्या सायन्सची चाचणी होती! पण देवाला सांगितलेलं मागं कसं घेणार?

आक्कांनी आमेन म्हटलं, शेवटचा सूर लांबवत. मग ट्रेमधला एकच कप सुलटा केला. "साखर जास्त घेतीस न्हवं?"

मम्मी आधी ओरडली, मग तिनंच शाळेत फोन केला. सकाळी ज्ञानूमामांच्या रिक्षात आक्का माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. आत जाताना म्हणाल्या, "हितंच थांब. हलू नको." मी हलले नाही.

शेवटच्या रविवारी समिती आली, आकाशी टी-शर्ट, नवंकोरं डिजिटल. काळा चष्मा लावलेल्या आक्कांनी सगळ्यांना चहा पाजला. राजवर्धनदादा फोटोसाठी डिजिटल उलगडायला लागला तसा आक्कांनी हात वर केला.

"माझी भेट झाली की रं लेकरा. एवढी जणं एकाच घरात कशाला? पलीकडं ज्ञानूची आई अंथरुणाला खिळलीया, तिच्याशी बोलाय कोण न्हाय. तुमच्या-तुमच्या गल्लीतबी कोण न कोण असंलच. सुटं सुटं जावा."

दादानं माझ्याकडं बघितलं. मग डिजिटलची गुंडाळी करून दारामागं उभी केली आणि चपला घालून शेजारच्या घराकडं वळला. बाकीचे जरा घुटमळले, मग एकेक करून पांगले.

मी थांबले. आक्कांच्या डोळ्यात ड्रॉप घालायची वेळ झाली होती. शाळेला जाताना आणि ट्यूशनहून येताना ते काम माझं.

"मान वर करा, आक्का."

"थांब जरा. आज धुकं निवळलंय." चष्मा काढून त्या माझ्याकडं टक लावून बघत राहिल्या. "तुझ्या गालावर तीळ हाय व्हय? आवाजावरनं वाटलेलं, चांगली थोराड असशील."

"नववीत आहे मी, आक्का."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि मान मागं टाकली. "आता दिसतंय की."