करपलेलं पातेलं आणि मी

ऐकताय ना? मी भिंतीवरचं चित्र बोलतोय. माझ्यात एक म्हाताऱ्या सासूबाई आहेत. स्टुलावर बसून, पातेलं दोन गुडघ्यांत घट्ट धरून त्या घासताहेत. लोक म्हणतात, चेहरा किती जिवंत आहे! असणारच. त्या वेळी त्या खरोखरच चिडल्या होत्या.

त्याचं असं झालं. एका सकाळी चित्र काढण्याच्या नादात सूनबाई दूध गॅसवर विसरल्या आणि पातेल्याच्या तळाचा कोळसा झाला. सासूबाई घासायला बसल्या. जे बोलायचं ते घासणीच बोलत होती. माफी मागायला आलेल्या सूनबाई दारातच थबकल्या. खिडकीतलं ऊन, शिरा फुगलेले हात, काळंकुट्ट पातेलं. माफी राहिली बाजूला, त्या कॅनव्हास घेऊन आल्या. तो कॅनव्हास म्हणजे मी.

"आई, अशाच बसाल का जरा?"

"बसते की. हे निघेपर्यंत उठतेय कुठं मी?"

पातेल्याचा काळा रंग सूनबाईंनी तेवढ्यात टिपून घेतला. पुढं तीन आठवडे सासूबाई रोज जेवणानंतर तेच लख्ख पातेलं घेऊन बसायच्या. स्वच्छ भांडं घासताना त्यांना स्वतःचंच हसू यायचं, पण बसायच्या. माझ्याकडे मात्र बघायच्या नाहीत. "पुरं झालं की बघेन," म्हणायच्या.

मी मोठ्या प्रदर्शनात जाणार होतो. सूनबाईंचं असं निवडलं गेलेलं पहिलंच चित्र. आदल्या संध्याकाळी त्यांनी पातेल्यावर काळ्या रंगाचा शेवटचा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मला न्यायला गाडी येणार होती.

सकाळी सासूबाईंनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि तो काळा तळ त्यांच्या डोळ्यांत खुपला. त्यांनी फडकं ओलं केलं, साबण लावला आणि घासायला सुरुवात केली. आधी मला गुदगुल्या झाल्या, मग धडकी भरली. ओला रंग तो! काळा गेला, पातेल्याचा तळ गेला, त्यांच्याच हाताची दोन बोटंही गेली.

सूनबाई आल्या आणि त्यांनी सासूबाईंचा हातच धरला.

"हे काय केलंत, आई?"

"डाग पुसला. उद्या चार लोक बघतील आणि म्हणतील, हिच्या घरात दूध करपतं. तुझीच लाज राखत होते मी."

"सहा वर्षं वाट बघितली हो या दिवसाची," एवढंच सूनबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. दूध जळालं तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या. सासूबाई फडकं हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. आपल्या हातून काय झालं ते त्यांना आत्ता कळलं, आणि मला त्यांची फार दया आली.

मग त्या आत गेल्या. थोड्या वेळानं घरभर करपल्याचा वास सुटला. सूनबाई धावल्या, तर गॅससमोर सासूबाई हाताची घडी घालून उभ्या! समोर दूध धडधडीत जळतंय आणि त्या शांतपणे बघताहेत. उभ्या जन्मात त्यांनी दुधाचा थेंब वाया घालवला नव्हता.

"अजून थोडं होऊ दे," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी कडेलापण लागलं होतं."

त्यानंतर दोघी खिडकीशी बसल्या. एकीनं पातेलं धरलं, दुसरीनं ब्रश. गाडीवाला अर्धा तास ताटकळला. मी ओलाच प्रदर्शनात गेलो, पण सगळी बोटं घेऊन गेलो.

आता मी इथंच, या दालनात कायमचा लागलोय. तुम्हीही जवळ या, पण हात लावू नका, आणि फडकं तर मुळीच काढू नका. सासूबाई अधूनमधून सुनेबरोबर येतात. परवा एका पाहुण्या बाईंनी विचारलंच, "अगंबाई, एवढं कुणी करपवलं?"

सूनबाई तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई पुढं झाल्या.

"मी," त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "हिला लागत होतं."