बाळाबाईच्या डोक्यावरचं तेल

काकतीच्या बाळाबाईला एकाच गोष्टीची धास्ती होती, विसरण्याची. तिची थोरली बहीण, शालूआक्का, शेवटी शेवटी तिलाच विचारायची, "कोण गं तू, कुणाची?" तेव्हापासून नुसता चष्मा सापडला नाही तरी बाळाबाईच्या छातीत धस्स व्हायचं.

म्हणूनच बेळगावात मेंदूच्या संशोधनाला म्हातारी माणसं हवीत असं कळल्यावर ती आपणहून तयार झाली. लेकानं, युवराजनं, फोनवरून नाव घातलं. संशोधन म्हणजे काय, तर डोक्याला तारांची टोपी घालून पडद्यावरची चित्रं बघायची आणि मेंदू कसा चालतो ते यंत्र टिपणार. आता चार शिकलेल्या माणसांत जायचं तर बाईमाणूस कोरड्या केसांनी जाईल होय? तशी तर सुतकातली बाई जाते. बाळाबाईनं टाळू भिजेस्तोवर खोबरेल थापलं, चापूनचोपून अंबाडा घातला आणि गेली.

आठवड्यानं युवराजच्या फोनवर मेसेज आला: 'आपल्या मेंदूची नोंद अपेक्षेपेक्षा क्षीण आहे. कृपया केंद्राशी संपर्क साधा.' यंत्रानंच धाडलेला तो, त्याला ना आगा ना पिछा. आणि हा शहाणा तो मोठ्यानं वाचून मोकळा झाला. बाळाबाईला वाटलं, आता आपलीही शालूआक्का होणार.

रडली मात्र नाही. सुनेला, सौम्याला, जवळ बसवून ती घर सोपवायला लागली. कपाटाच्या किल्ल्या दिल्या. कांदा-लसूण मसाल्यात काय किती पडतं, हे तिनं सख्ख्या जावेलाही कधी कळू दिलं नव्हतं, तेही सांगून टाकलं. माझ्या ध्यानातनं जायच्या आत तुझ्या ध्यानात राहू दे, म्हणाली. सौम्या ऐकता ऐकता डोळे पुसत होती.

मग युवराज तिला केंद्रात घेऊन गेला. तिथं या खेपेला सुनयना नावाची निपाणीची पोरगी होती. टोपी घालायला तिनं केसांना हात लावला आणि बोटं तुपात बुडवल्यागत झाली.

"आज्जी, गेल्या खेपेलाबी एवढंच तेल लावलंतं?"

"मग? तशीच येऊ व्हय?"

सुनयनानं कपाळावर हात मारला. तेलामुळं तारा डोक्याला धरतच नव्हत्या, मग यंत्राला मेंदूची लहर मिळणार कुठनं? तेल लावू नका म्हणून युवराजच्या फोनवर आधीच मेसेजही केला होता. युवराजनं तो न वाचताच उत्तराला अंगठ्याचं चित्र धाडलं होतं. आता तो फोन काढून तोच मेसेज वाचायला लागला. सुनयनानंही आपल्या माणसांची चूक कबूल केली. गेल्या खेपेच्या माणसानं तेलावरच टोपी चढवली होती आणि नोंद नीट न बघताच मेसेज सुटला होता.

तिथंच नळाखाली शाम्पूनं डोकं धुतलं, वाळवलं, पुन्हा टोपी चढवली. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी नोंद बघितली, आठवणीचे प्रश्न विचारले, वर घरी काही विसरतात का, हेही युवराजला विचारलं.

"आज्जी, ठणठणीत आहात. काळजीचं काही नाही."

आता मात्र बाळाबाई रडली. हसत हसत रडली.

घरी सौम्या दारातच किल्ल्या घेऊन उभी. बाळाबाईनं त्या कमरेला खोचल्या आणि सुनेला बजावलं, मसाल्याचं तेवढं विसरून जा बाई.

"न्हाय विसरणार, आत्या," सौम्या म्हणाली. "आता ते माझ्या डोक्यात बसलंय."

बाळाबाईला लई बरं वाटलं. शालूआक्का गेल्यापासून असं वाटलं नव्हतं. ती सुनेच्या पुढ्यात पाठमोरी बसली, केस मोकळे सोडले आणि म्हणाली, "मग आण तेल. डोकं कोरडं पडलंय माझं."