सीटखालचा स्विच

"परत बंद पडलं," ओव्हरसिअर म्हणाले. "असलं नाजूक मशीन काय चाटायचंय? आमच्याकडे उतार आहे, थेट तळ्यापर्यंत."

गवत कापायच्या यंत्रांच्या त्या दुकानामागे गिऱ्हाइकांना चालवून बघायला हिरवळीचा मोठा पट्टा राखला होता. बसून चालवायची दोन यंत्रं ओव्हरसिअरांनी आधीच नापास केली होती. हे तिसरं. विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचं हसू आता जरा ओढूनताणून आणलेलं वाटत होतं.

आयुष्यभर रस्ते आखलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर गावाबाहेर एवढी मोठी जागा घेतली, की मुलांनी कपाळाला हात लावला. घर इवलंसं आणि भोवती गवतच गवत. ते कापायचं काम ओव्हरसिअरांचं. त्यात दुसऱ्या कुणाची लुडबुड त्यांना खपत नसे. पट्टे असे सरळ पाडत, की पाहुणा त्यावर पाय ठेवायला बिचकायचा. गेल्या वर्षी मागे घेताना जुनं मशीन तळ्यात गेलं. ब्रेकने दगा दिला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून मुलांचा एकच धोशा होता: जागा विका आणि आमच्याकडे राहायला या. ओव्हरसिअरांच्या बायकोने, बाईंनी, त्यांना नव्या मशीनच्या वायद्यावर कसंबसं थोपवून धरलं होतं.

"काका, मशीन ठणठणीत आहे," विक्रेता म्हणाला. "सीटखाली स्विच असतो. माणूस उठला की इंजिन बंद. तुम्ही मधेच उठताय."

"मी कशाला उठू?"

"उठताय अहो," कडेला उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "तिन्ही मशीनवर उठलात."

"मग पट्टा सरळ आला का, ते बघायला नको?"

"मान वळवून बघा ना."

बाई चालत ओव्हरसिअरांच्या पाठीमागे गेल्या आणि म्हणाल्या, "बघा बरं माझ्याकडे." ते स्टिअरिंग धरून अर्धवट उठले, मग खांद्यांसकट सगळेच्या सगळे वळले. नुसती मान वळतच नव्हती.

बाईंच्या सगळं ध्यानात आलं. तळ्यातलं मशीन, आणि चष्म्याचं निमित्त करून वर्षभर आपल्याच गळ्यात घातलेलं गाडी चालवणंसुद्धा. त्यांना आधी राग आला, मग कीव आली, आणि नवऱ्याची कीव यावी याचा परत राग आला.

"काही लोक तो स्विच काढून घेतात," विक्रेता हळूच म्हणाला. "आम्ही तसं सांगत नाही, पण…"

"काढा," ओव्हरसिअर लगेच म्हणाले.

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "उतारावर उठाल आणि खाली जाल. मग मुलांना काय सांगू मी? ब्रेक?"

विक्रेत्याला एकाएकी दुकानात काहीतरी काम आठवलं. तो गेल्यावरही ओव्हरसिअर बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. बाईंनी घाई केली नाही. मग ते उतरले, सावकाश, एकेक पाय खाली टेकवत. सीटखाली हात घालून त्यांनी सीट सरकवायचा खटका शोधला आणि सीट पुढे ओढली.

"बस," ते म्हणाले. "पाय पोचतात का बघ."

"मी? मला कुठं येतंय हे?"

"गाडी चालवतेस ना? तसंच आहे."

"आणि तुमचे ते सरळ पट्टे? माझे नागमोडी येतील. मग महिनाभर तोंड फुगवून बसाल."

"मागे बघूच नकोस. समोर एक खूण धरायची आणि नीट तिच्यावर जायचं. रस्ता असाच आखतात."

"इथं कसली आलीय खूण? नुसतं गवत आहे."

ओव्हरसिअरांनी सदरा खाली ओढून सारखा केला. ते हिरवळ ओलांडून पार पलीकडच्या टोकाला गेले, बाईंकडे तोंड केलं आणि पाय जुळवून उभे राहिले.

"ये," ते तिथून ओरडले.

इंजिन सुरू झालं. बाई त्यांच्या रोखाने निघाल्या. मशीन अगदी जवळ येईपर्यंत ओव्हरसिअर जागचे हलले नाहीत.